कॉर्नरच्या वेळी पाहू नये

आमच्या स्वप्नालीचं दुसरं लग्न झालं त्याच वर्षी, म्हणजे २०४१ साली, हॉकीत कौल आला. लग्न मे महिन्यात नोंदणी पद्धतीनं झालं आणि ती नव्या नवऱ्याबरोबर नाशिकला गेली. तिचा पहिल्या घरचा मुलगा प्रज्योत तेव्हा विशीत होता. तो म्हणाला, मी आज्जी-आप्पांकडंच राहणार, माझं मैदान खडकीत आहे. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचा आनंद झाला आणि लेक गेल्याचं वाईटही वाटलं. दोन्ही तिनं एकाच दिवशी पुरणपोळ्या करून निभावलं.

कौलाची माहिती द्यायला कंपनीचा माणूस पावसाळा सरता सरता आमच्या लाईनीत आला. खडकीच्या कारखान्याच्या मागं जुन्या कामगारांच्या ज्या बैठ्या खोल्या आहेत त्यांना आम्ही लाईन म्हणतो. कंपनीचं नाव जनमान. माणूस तरुण, गोड बोलणारा. समाजमंदिरात त्यानं प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक करडा पट्टा दिला, फुकट. फुकट म्हटल्यावर मी जरा मागंच उभा राहिलो.

त्यानं समजावलं ते असं. आपण एखादी गोष्ट भरवशानं पाहत असतो तेव्हा शरीर क्षणभर थबकतं. नाडी मंदावते, श्वास अडतो, डोळ्यातली बाहुली मोठी होते. मांजर पाखरावर टपून बसतं तसं. भीती वाटली किंवा नकोसं झालं की याच्या उलट होतं. नाडी पळते, तळहात ओला होतो, नजर बाजूला जाते. हे सगळं आपल्या मनाला कळायच्या आधी होऊन जातं. पट्टा नाडी आणि तळहात ओळखतो, आणि घरातल्या पडद्याच्या वर बसवलेली बारीक काचेची टिकली डोळे ओळखते. सामना चालू असताना चेंडू कोणापाशी आहे, कोण कुठं धावतंय, हे यंत्राला ठाऊकच असतं. त्या त्या क्षणाला लाखो मनगटं काय म्हणतात ते गोळा करायचं आणि त्या खेळाडूच्या नावावर मांडायचं. शंभरापैकी आकडा. तोच कौल.

निवड समितीत वशिला चालतो अशी ओरड पूर्वीपासून होती. आता लीगनं ठरवलं की संघ लोकच निवडतील. लागोपाठ दोन सामने कौल साठाच्या खाली राहिला की खेळाडू बाकावर, आणि मोसमाच्या शेवटी जे वरचे, ते देशाच्या शिबिराला. मत देण्यात लबाडी होते, टाळ्या पैसे देऊन वाजवून घेता येतात, पण नाडीला कोणी लाच देऊ शकत नाही, असं तो माणूस म्हणाला. लोकांना ते पटलं. मलाही थोडं पटलं, हे खोटं कशाला बोलू.

आणखी एक गोष्ट होती. सगळ्या मनगटांचं वजन सारखं नव्हतं. आधी जुने, निकाल ठाऊक नसलेले सामने दाखवून त्यांनी प्रत्येकाची पारख केली. गोल होण्याच्या आधीच ज्याची नाडी हलते, पास चुकणार हे ज्याच्या तळहाताला आधी कळतं, त्याचं मनगट जड. आमच्या लाईनीत सगळी हॉकीवर वाढलेली माणसं. कोणी कारखान्याच्या संघातून खेळलेलं, कोणी त्यांच्या बायका, बहिणी. आमची मनगटं भलतीच जड निघाली आणि सगळ्यांत जड निघालं शालनचं. तिनं आयुष्यात कधी हातात काठी धरली नव्हती, फक्त पाहिलं होतं. शेजारचा नरसिंग यादगिरी, जो एके काळी आमच्या संघाचा गोलकीपर होता, तो मला म्हणाला, वहिनी आता निवड समितीवर गेल्या, शिंगाड्या, यापुढं आमटीला नावं ठेवू नकोस.

मी लिहायवाचायला चाळिशीत शिकलो. त्यामुळं छापलेलं वाक्य मी दोनदा वाचतो. पट्ट्याच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की पट्टा काढून ठेवल्यास त्या मनगटाचा शेवटचा कौल कायम धरला जाईल. मी त्या माणसाला विचारलं, हे कशाला? तो हसून म्हणाला, काका, नाहीतर लोक रागानं पट्टा काढून टाकतील. मी म्हटलं, मग टाकू द्या की. तो पुढच्या माणसाकडं वळला.

प्रज्योत पुण्याच्या संघात बचावाला होता आणि पेनल्टी कॉर्नरला पहिला रशर. ज्यांना हॉकी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणारे चार जण आणि गोलकीपर गोलरेषेच्या मागं उभे राहतात. समोरचे एका बाजूनं चेंडू बाहेर सोडतात, तिथं तो अडवतात आणि मारणारा तो काठीनं ओढून गोलाकडं भिरकावतो. चेंडू दगडासारखा टणक आणि येतो तो मोटारीच्या वेगानं. चेंडू सुटताच रेषेवरून एक जण सरळ मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो, काठी पुढं घालून, आणि वेळ आली तर अंग पुढं घालून. तो पहिला रशर. हल्ली गुडघ्याला जाड पट्ट्या असतात, तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. पूर्वी काही नसायचं.

शालनचा थोरला भाऊ मधू असाच रशर होता. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली, मुरमाच्या मैदानावर, चेंडू त्याच्या कानशिलाला लागला. शालन तेव्हा शाळकरी पोर होती आणि दोरीला धरून पहिल्या रांगेत उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मधू परत उठला नाही. पुढं लाईनीत जो कोणी रशर झाला त्याच्या घरच्यांनी कॉर्नरच्या वेळी तोंड फिरवायचं अशी रीत पडत गेली. कोणी ठरवलं नाही. आधी घरचे, मग शेजारचे, मग अख्खी लाईन. शिट्टी झाली की बायका भांड्याकडं बघतात, पुरुष चपला शोधतात. चेंडूला घरच्या माणसाची नजर दाखवू नये, एवढंच त्याचं कारण कोणी सांगितलं तर सांगेल.

डिसेंबरात लीग सुरू झाली. पहिल्या तीन सामन्यांत प्रज्योत चांगला खेळला. हे आजोबा म्हणून सांगत नाही. त्यानं एकामागून एक कॉर्नर मोडले आणि पेपरवाल्यांनीही तसं लिहिलं. पण त्याचा कौल खाली येत राहिला. सत्तरावरून पासष्ट, मग साठाच्या काठावर. त्याचवेळी कोल्हापूरचा एक पोरगा, जो आधी चुकायचा आणि मग उडी मारून ती चूक सावरायचा, तो ऐंशीवर जाऊन बसला. लोकांचा श्वास त्याच्यावर अडायचा. जो चुकतच नाही त्याच्यावर कोणाचा श्वास अडणार?

तेवढंच असतं तर समजलो असतो. पण जनमानच्या पडद्यावर कौल कुठून कसा आला याचा नकाशाही असतो, गावागावांत चुरस लागावी म्हणून. प्रज्योतच्या नावावर नाशिक हिरवं होतं, नागपूर हिरवं होतं. लाल होतं खडकी. आणि खडकीत बोट ठेवून मोठं केलं की लाल होती आमची लाईन.

लीग भुवनेश्वरला चालली होती, तिथून प्रज्योतनं मला ते फोन करून दाखवलं. त्याचा आवाज थंड होता. म्हणाला, आप्पा, बाहेरच्यांना मी चालतो, घरच्यांना चालत नाही. कोण आहे ते बघा.

आता कोण आहे ते बघायचं म्हटल्यावर माणूस आधी शेजारीच बघतो. नरसिंगचा नातू कार्तिक त्याच संघात होता आणि प्रज्योत बाकावर गेला की त्याची जागा कार्तिकला मिळणार होती. नरसिंगच्या घरात सहा मनगटं, सगळी जड. त्याच्या मेहुण्याचं घर पलीकडं. मी मनात हिशेब घातला आणि नरसिंगकडं सकाळच्या चहाला जायचं बंद केलं. चाळीस वर्षांचा चहा. त्यानं दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, साखर जास्त झाली का काय माझ्याकडची? मी म्हटलं, डॉक्टरनं चहा बंद केलाय. तो म्हणाला, कोणत्या डॉक्टरनं, जनावरांच्या? आणि निघून गेला. मला त्याच्या चालण्यातही काहीतरी दिसायला लागलं. माणूस इतका सहज बोलतो म्हणजे काहीतरी लपवतोय.

शालनला मी बोललो नाही, पण तिनं ओळखलं. एरवी सणाला तिच्या हातची खीर त्यांच्याकडं आणि त्यांच्याकडची पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आमच्याकडं यायची. संक्रांतीला दोन्ही वाट्या आपापल्या घरात राहिल्या. लाईनीत सगळीकडंच असं चाललं होतं. ज्यांची पोरं कुठल्या ना कुठल्या संघात होती ती घरं एकमेकांच्या मनगटांकडं बघायची. कोणाच्या पोराचा कौल पडला की संध्याकाळी नळावर कोणी कोणाशी धड बोलायचं नाही. प्रज्योतनं तर नाशिकलाही फोन केला आणि आईला विचारलं, नवे पप्पा माझा सामना बघताना काय करतात? स्वप्नाली फोन ठेवून रडली. नाशिक हिरवं होतं हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं विचारलं.

आणि मग त्यानं मुखवटा काढला.

लीगमध्ये ते आधीच सुरू झालं होतं. जाळीमागं तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसलं की लोकांची नजर धरून राहते, कौल चार-पाच अंकांनी चढतो, हे पोरांना कळलं होतं. नियमात मुखवटा सक्तीचा नव्हता. एकानं काढला म्हणून दुसऱ्यानं काढला. प्रज्योत पाचव्या सामन्यात उघड्या तोंडानं धावला. शालन तेव्हा पाठ करून उभी होती, तिला ते बातम्यांत दिसलं. तिनं तिथल्या तिथं पडदा बंद केला.

सहाव्या सामन्याच्या दिवशी मी ठरवलं की नरसिंगला रंगेहाथ धरायचं. सामना दुपारचा होता. मी कोणाला न सांगता त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, आमचा पडदा बिघडलाय. त्यानं खुर्ची सरकवली. त्याच्या बायकोनं, सरस्वतीनं, चहा ठेवला, साखर न घालता, तेवढ्यातही टोमणा होता. मी पडद्याकडं कमी आणि नरसिंगच्या मनगटाकडं जास्त बघत होतो. पट्ट्यावर बारीक दिवा असतो, भरवसा असला की हिरवा, नसला की लाल; एरवी खेळ सोडून त्याकडं कोणी बघत नाही. प्रज्योत चेंडू घेऊन निघाला की दिवा हिरवा व्हायचा. मला वाटलं, मला पाहून नाटक करतोय. पण नाडीचं नाटक कसं करणार?

तिसऱ्या सत्रात कॉर्नर मिळाला, आमच्याविरुद्ध. शिट्टी वाजली. आणि मी पाहतोय तर माझ्यासमोर भिंतीवरचं कॅलेंडर होतं. माझी मान आपोआप फिरली होती. माझ्या शेजारी नरसिंगही त्याच कॅलेंडरकडं बघत होता. सरस्वती चुलीकडं. त्याची सून दाराबाहेर. सगळ्या मनगटांवर लाल दिवे, माझ्यासकट.

आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिलो.

नरसिंग म्हणाला, "लाईनीतल्या पोरांना चेंडू लागू नये म्हणून मी पन्नास वर्षं भिंत बघतोय, शिंगाड्या. आणि तू माझं मनगट बघायला आलास?"

 पडद्यावर प्रज्योतनं कॉर्नर मोडला होता आणि त्याचा कौल अठ्ठावन्नावर आला होता.

त्या संध्याकाळी मी कंपनीला फोन लावला. ज्या बाईंनी तो घेतला त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, आमच्याकडं तोंड फिरवणं म्हणजे भरवसा नाही असं नसतं, उलट असतं. त्या म्हणाल्या, काका, यंत्र तोंड का फिरवलं ते विचारत नाही, फिरवलं की नाही ते बघतं. मग आमच्या लाईनीचे कॉर्नरचे कौल वगळा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, एका गल्लीनं सांगितलं म्हणून वगळलं तर उद्या प्रत्येक गल्ली रीत सांगेल. शिवाय असा अर्ज करणारा प्रेक्षक खेळाडूच्या बाजूनं पढवलेला धरला जातो आणि त्या खेळाडूचे दहा अंक कापले जातात. मी अजून अर्ज केलेला नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. पट्टे काढून उपयोग नव्हता, शेवटचा कौल कायम. शेवटचा कौल सगळ्यांचा लाल होता. ती बारीक अक्षरं कशासाठी होती ते तेव्हा मला कळलं.

मग एकच उरलं, पाहायचं. नरसिंगनं घरोघरी जाऊन सांगितलं. काही बायका म्हणाल्या, आणि काही झालं तर? तो म्हणाला, झालं तर माझ्या नावानं शिव्या द्या. पुढच्या सामन्यात लाईन पडद्याकडं तोंड करून बसली. सरस्वतीनं पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं, पण पाहिलं. कौल अठ्ठावन्नावरून साठाला टेकला, वर गेला नाही. लाईन फिकट हिरवी झाली. त्यात एकच ठिपका गडद लाल होता, आमच्या घराचा. सगळ्यांत जड मनगट.

दोन सामन्यांमध्ये चार दिवस मोकळे होते म्हणून प्रज्योत घरी आला.  जेवण झाल्यावर तो शालनसमोर जमिनीवर बसला. तो काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि त्यानं ते म्हणू नये असंही वाटत होतं. त्यानं सरळ विचारलं. आज्जी, सगळे बघायला लागले, तू का नाही? तुझा माझ्यावर भरवसा नाही का?

शालन म्हणाली, "तू जाळी घालशील?"

तो म्हणाला, जाळी घातली की कौल पडतो. आता फक्त शेवटचा सामना राहिलाय. साठाच्या चांगलं वर गेलो तर शिबिर, नाहीतर घरी. उघड्या तोंडानंच धावावं लागेल.

"मी पाहिलं आणि माझ्या मनगटानं भरून काढलं तर?"

 तो म्हणाला, तुझ्यानं व्हायचं नाही आज्जी.

"ते माझं मी बघेन. घालशील का ते सांग."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवून घालीन म्हणून सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

शालननं सराव सुरू केला. जुने सामने लावायची आणि कॉर्नरच्या वेळी डोळे उघडे ठेवायची. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडे राहिले, पण नाडी अशी पळायची की पट्टा लालच. डोळे जागेवर ठेवता येतात, नाडी नाही. ती पट्ट्याला म्हणायची, थांब गं बाई जरा, जशी काही तो पट्टा म्हणजे एखादी शेजारीण होती. नरसिंग येऊन बसायचा आणि तिला हसवायचा प्रयत्न करायचा. हसताना नाडी आणखी पळायची.

तिसऱ्या दिवशी मात्र पट्टा हिरवा झाला. ती अगदी स्वस्थ बसली होती. पडद्यावर चेंडू सुटला, रशर धावला, आणि तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नरसिंगनं टाळी वाजवली. मला मात्र ते बरं वाटलं नाही. पन्नास वर्षं जिच्याबरोबर काढली ती बाई मला ठाऊक होती. ती गॅस पेटवतानासुद्धा अशी स्वस्थ नसते. हातही गार लागले.

मी तिला विचारलं, काही घेतलंस का? ती म्हणाली, बीपीची गोळी, रोजची. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तिला ती लिहून दिली होती, नाडी सावकाश ठेवणारी. मी म्हटलं, रोज तर तुझे हात गार नसतात. ती म्हणाली, थंडी आहे. मी उशीखाली पाहिलं, डब्यांमागं पाहिलं. पाकीट सापडलं नाही. त्यातही मला संशय आला, कारण ते रोज खिडकीत असायचं. मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं की गोळी ठरल्याप्रमाणेच घ्यायची, जास्त घेतली तर नाडी फार उतरते, म्हाताऱ्या माणसाला चालत नाही. मी शालनला ते शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. सामना झाला की विचारा काय ते."

तिला आधी कधी मी असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिच्या हातातून गोळ्या हिसकावून घ्यायच्या तर त्या होत्या कुठं, आणि हिसकावून घेतल्या असत्या तर पोरगा उघड्या तोंडानं धावला असता. दोन्हीकडून मी बांधला गेलो होतो. तिनं मला बांधलं होतं.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. नरसिंग आणि सरस्वती आमच्याकडं आले, पुलिहोराची वाटी घेऊन. शालननं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या मनगटाला हात लावला. पट्ट्याच्या खालची शीर मला सापडायला वेळ लागला.

प्रज्योत मैदानात उतरला तेव्हा त्याच्या कमरेला मुखवटा लटकत होता. शालननं तो पाहिला, मान हलवली. पहिला कॉर्नर दुसऱ्या सत्रात आला. प्रज्योतनं मुखवटा चढवला. स्टेडियममधून निराशेचा आवाज आला, लोकांना तोंड हवं होतं, आणि कौल दोन अंकांनी घसरला. शिट्टी झाली. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो, पण माझं निम्मं लक्ष शालनकडं होतं. तिची नजर हलली नाही. प्रज्योत धावला, चेंडू त्याच्या काठीला लागून बाजूला गेला. कौल होता तिथून वर सरकला. तिच्या पट्ट्यावर हिरवा दिवा होता.

चौथ्या सत्रात, सामना बरोबरीत असताना, दुसरा कॉर्नर मिळाला. मारणारा तोच, ज्याच्या चेंडूला लीगमध्ये सगळे भ्यायचे. प्रज्योत रेषेवरून सुटला. चेंडू उठला आणि सरळ त्याच्या तोंडावर आला. जाळीवर आपटल्याचा आवाज आमच्या खोलीत ऐकू आला. तो आडवा पडला.

सरस्वतीनं डोळे मिटले. नरसिंग उभा राहिला. मीही बहुधा डोळे मिटले, कारण मधला क्षण मला आठवत नाही. मला आठवतं ते शालनचं बोलणं. ती हळू, पण स्पष्ट म्हणाली, "उठतोय. बघा, उठतोय."

मी डोळे उघडले तर प्रज्योत गुडघ्यावर होता, मुखवट्याची जाळी एका बाजूला आत दबलेली, आणि तो हातानं खूण करत होता की ठीक आहे. मग तो उभा राहिला. पडद्यावरचा त्याचा आकडा चढत चढत त्र्याहत्तरावर गेला. नरसिंगनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बाहेर लाईनीत थाळ्या वाजायला लागल्या. आम्ही दोघं दाराशी गेलो, लोक आत येत होते, कोणी पेढे आणायला पळालं. मी वळून शालनला हाक मारली, बाहेर ये म्हणून. ती पडद्याकडंच बघत होती.

तेवढ्यात पडद्यातून एक गोड आवाज आला. घरातील एका प्रेक्षकाचा पट्टा सैल झाला आहे, कृपया नीट बांधावा. मी जवळ जाऊन पाहिलं. पट्टा नीट बांधलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं. मी गोळ्यांचं विचारलं. ते म्हणाले, त्यानं झालं असेल किंवा नसेलही, आता सांगता येणार नाही. पाकीट तिच्या कमरेच्या पिशवीत सापडलं, रिकामं. जनमानकडून दुसऱ्या दिवशी संदेश आला की त्या सामन्यात देशातलं सगळ्यांत भरवशाचं घर आमचं ठरलं आहे, आणि पट्टा सैल झाल्यामुळं शेवटचा कौल कायम धरण्यात आला आहे. मी तो संदेश दोनदा वाचला. नरसिंगला दाखवला. त्यानं पट्टा घेऊन वरवंट्यानं ठेचला, आधी शालनचा, मग माझा, मग स्वतःचा.

प्रज्योत राख सावडायला आला तेव्हा मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर उद्या त्यानं माझ्यावर संशय घेतला असता आणि ते बरोबर झालं असतं.  त्यानं विचारलं, "म्हणजे तो कौल खोटा होता?"

मी म्हटलं, "नाडी गोळीची होती. पाहिलं ते तिनं."

तो शिबिराला गेला. तिथंही तो जाळी घालतो. त्याचा कौल पुन्हा साठाच्या आसपास आला आहे आणि बहुतेक सामने तो बाकावर बसून काढतो. कार्तिक खेळतो, उघड्या तोंडानं. त्याच्या कॉर्नरच्या वेळी नरसिंग आणि मी आता भिंतीकडं बघतो.

माझी बायको शालन सावळाराम शिंगाडे रविवार, ९ फेब्रुवारी २०४२ रोजी दुपारी, खडकीच्या आमच्या घरात, सामना संपायच्या थोडं आधी वारली.